ऑलिव्ह हॅजेटचा पिवळा टोप

ऑलिव्ह हॅजेटला लंडनमधल्या निम्म्याशिम्म्या वकिलांची डोकी पाठ होती. तोंड मात्र त्यांतल्या एकाचंही तिने पाहिलेलं नव्हतं.

यात तिचा काही दोष नव्हता. दुकान होतं चॅन्सरी लेनच्या बाजूच्या एका बोळात. खाली काचेचं दालन, आणि तिथे गळ्यात फीत अडकवून उभे मिस्टर डॅबनी. वकील आला की त्याला खुर्चीत बसवायचं, कपाळापासून मानेपर्यंत, या कानापासून त्या कानापर्यंत अशी सहा मापं घ्यायची, चिठ्ठीवर उतरवायची आणि चिठ्ठी वर पाठवायची. वर म्हणजे तीन जिने चढून पोटमाळ्यावर. तिथे खिडकीपाशी ऑलिव्ह बसलेली असे, समोर लाकडाचं बिनतोंडाचं डोकं ठेवून. चिठ्ठीवर एक नाव, सहा आकडे आणि कधीमधी एखादी ओळ, एवढ्या भांडवलावर तिने बेचाळीस वर्षं वकिलांनी कोर्टात घालायचे केसांचे टोप विणले.

घोड्याच्या शेपटीचे पांढरे केस धुवायचे, काड्यांवर घट्ट गुंडाळून उकळायचे, भट्टीत वाळवायचे, मग दोऱ्यांवर विणून जाळीवर शिवायचे. बाजूंनी नि मागे कुरळ्यांच्या ओळी, मानेवर दोन बारीक शेपट्या. एका टोपाला चव्वेचाळीस तास लागत. ऑलिव्हचा बाप कोळशाची गाडी हाकायचा. जन्मभर घोड्याच्या शेपटीमागे बसून त्याने पोरं वाढवली, आणि पोरीने त्याच शेपट्या न्यायाधीशांच्या डोक्यावर नेऊन ठेवल्या. ही गोष्ट ती स्वतःच सांगायची, आणि दर वेळी स्वतःच हसायची.

बाई मोठी चौकस. आकड्यांवरून ती माणूस रंगवायची. "आज एक आलाय बघ," ती संध्याकाळी घरी थोरल्या बहिणीला सांगायची, "मागून इतकं चपटं डोकं, याच्या आईने याला पाळण्यातून कधी उचललंच नसणार." नेल बिस्किटांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली, खुब्याने अधू, पण जिभेने धडधाकट. ती म्हणायची, "डोक्यात काय आहे ते नाही का गं लिहीत चिठ्ठीवर?" ऑलिव्हला खरं कुतूहल त्याचंच होतं. आपण विणलेली ही वस्तू डोक्यावर चढली की खाली माणसाचं नेमकं होतं काय? कोर्ट दहा मिनिटांच्या अंतरावर, दार सगळ्यांना उघडं. पण कोर्ट भरायचं तेव्हा दुकान उघडं, आणि दुकान बंद व्हायचं तेव्हा कोर्ट उठलेलं. बेचाळीस वर्षांत एकदाही जमलं नाही.

या धंद्याची एक गंमत आहे. जगात लोक नवी वस्तू मिरवतात, इथे नव्याची लाज. पांढराशुभ्र टोप घालून जो उभा राहतो तो कालपरवा सनद मिळालेला, हे सगळ्या कोर्टाला दारातूनच कळतं. टोप पिवळा पडला, कडेने मळला, त्याला तंबाखूचा आणि घामाचा वास लागला की मग त्याची किंमत. म्हणून तरणे वकील नवा टोप चहात बुडवतात, त्यावर सिगारेटची राख चोळतात. दैवाने एखादा म्हातारा वकील गेला आणि त्याच्या बायकोने टोप विकायला काढला, तर त्यावर उड्या पडतात. आतल्या पट्टीत चार टाके उसवायचे, चार घालायचे, टोप ठेवायच्या काळ्या डब्यावरचं सोनेरी नाव खरवडून दुसरं लिहायचं, आणि एका दुपारीत पोराला तीस वर्षांचा अनुभव मिळतो.

पंचाहत्तर सालच्या मार्चात ऑलिव्हला कोर्टाचं पत्र आलं. पूर्वी ज्युरीत बसायला स्वतःच्या नावावर घर लागायचं. कायदा नुकताच बदलला होता, आणि बहिणीच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईलाही आता न्याय करता येणार होता.

"तुला?" नेल पत्र उलटंसुलटं करत म्हणाली. "कसाई मटणात आठ पेन्स जास्त लावतो ते तुला कळत नाही."

"ते तिथे कोणी विचारत नाही."

"मग काय विचारतात?"

"तेच बघायचंय," ऑलिव्ह म्हणाली, आणि तिने आपला निळा कोट ब्रशने झाडायला घेतला.

नदीच्या दक्षिणेकडच्या कोर्टात सोमवारी तिचं नाव निघालं. आरोपी होता पर्सी यॅलप, खिडक्या पुसणारा. कँबरवेलमधल्या एका घराच्या उघड्या खिडकीतून त्याने पितळी घड्याळ लांबवलं, असा आरोप. घड्याळ सापडलेलं नव्हतं. चोरी लहान, पण यॅलपचं सगळं आयुष्य त्यात अडकलं होतं. सव्वीस वर्षांत त्याने एकशेचाळीस घरांची गिऱ्हाइकी बांधलेली. तुरुंगात चार महिने काढता येतात, पण चोर ठरलेल्या माणसाला पुन्हा आपल्या खिडकीला शिडी कोण लावू देईल? हे त्याच्या वकिलाने पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं, आणि ज्युरीतल्या बाराही जणांना ते पटलं. खिडकी प्रत्येकाच्याच घराला असते.

शपथ व्हायच्या आधी न्यायाधीशांनी विचारलं, "या खटल्यातल्या कोणाला, वकिलांनासुद्धा, तुमच्यापैकी कोणी ओळखतं का?"

ऑलिव्हने हात वर केला.

"कोणाला ओळखता, बाई?"

"दोन्ही वकिलांना, साहेब. म्हणजे त्यांना नाही. त्यांच्या डोक्यांना." मग घाईने, "टोप करते मी. नावं आत्ता पुकारली तेव्हा मापं आठवली."

कोर्टात हशा उसळला. न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. "या डोक्यांशी तुमचं काही वाकडं आहे का?"

"नाही साहेब. एक जरा अवघड आहे, पण वाकडं काही नाही."

"कोणतं ते आम्हाला सांगू नका. बसा."

आणि ऑलिव्ह बसली, पुढच्या रांगेत, डावीकडून तिसरी. बेचाळीस वर्षं जे बघायचं होतं ते आठ फुटांवर उभं होतं.

सरकारी वकील मिस्टर मार्ल उठले, आणि ऑलिव्ह बाकावर पुढे सरकली. त्यांच्या डोक्यावर तिचा टोप होता. दुकानातून गेलेले सगळेच टोप तिचे म्हणायचे, पण हा तिने एकटीने केलेला पहिला. त्रेचाळीस साली, लढाईच्या दिवसांत, बाकीच्या मुली दारूगोळ्याच्या कारखान्यात गेल्या होत्या आणि पोटमाळ्याच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, तेव्हा लायोनेल अ‍ॅशकोंब नावाच्या वकिलासाठी तिने तो विणला. अस्तराच्या आत, मानेपाशी, एक निळा टाका घातला होता. असा टाका घालायला दुकानात सक्त मनाई होती. गेल्या वर्षी अ‍ॅशकोंब वारले, आणि टोप लहान करायला पुन्हा तिच्याच मांडीवर आला. निळा टाका जागेवर होता. चिठ्ठीवर मिस्टर डॅबनींनी लिहिलं होतं: मार्ल, वय एकोणतीस, पहिलाच टोप.

टोप आता जुन्या हस्तिदंताच्या रंगाचा झाला होता. एक कुरळा हललेला नाही. आणि त्याच्याखाली मार्ल उंच, हाडकुळे, आवाज खर्जातला. कपाळ आणि केस झाकले की माणसाचं वय कोणाला सांगता येतं? ते सावकाश बोलत, एकेक शब्द ठेवत, आणि ऑलिव्हची मान आपोआप हलत राहिली. इतक्या सुंदर टोपाखालून काही खोटंनाटं निघेल हे तिच्या मनातच येईना.

आरोपीचे वकील मिस्टर प्रॉसर वेल्सचे. वय सत्तेचाळीस, पण चेहरा गोल, गुलाबी, आणि डोक्यावर टोप पांढराफेक, दुकानातून नुकताच निघालेला. त्या डोक्याकडे ऑलिव्हने एकदा पाहिलं आणि नजर वळवली. तो टोपही तिचाच होता. जानेवारीत प्रॉसरांच्या कुत्र्याने त्यांचा वीस-बावीस वर्षं वापरलेला टोप फाडून खाल्ला, असं चिठ्ठीवर होतं, आणि त्यांना नवा पाहिजे होता उभ्या उभ्या. थंडीने तिची बोटं आखडलेली. डोकं मागून वर उंच गेलेलं, अवघड. तिने मागची पट्टी जराशी सैल सोडली, मनाशी म्हटलं, घट्ट करून घ्यायला येतीलच. ते आले नाहीत. आता समोर ते काम उघडं पडलं होतं, आणि तिला ते बघवत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ज्युरीतले लोक खालच्या खानावळीत एका टेबलाशी जमले. खटल्याबद्दल बाहेर बोलायचं नाही असा दंडक, पण टोपांबद्दल बोलायला कोणाची हरकत? ज्युरीचे प्रमुख मिस्टर लिजेट, बुटांच्या दुकानाचे व्यवस्थापक. त्यांनी ऑलिव्हपुढे सॉसची बाटली सरकवली. "काय हो हॅजेटबाई, तुम्ही जाणकार. सांगा, काय दिसतं तुम्हाला?"

बेचाळीस वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. बाई फुलली.

"तो पिवळा टोप बघितलात? बत्तीस वर्षं झाली त्याला. अशी विणकर आता लंडनमध्ये मिळणार नाही. तसा रंग यायला माणसाचं आयुष्य जातं."

"आणि त्या दुसऱ्याचा?" ब्रोडी नावाच्या खाटकाने विचारलं.

"तो? दोन महिन्यांचाही नाही."

"म्हणजे एक मुरलेला आणि एक कालचा," लिजेट म्हणाले. "मला वाटलंच. बूट बघून मी माणूस ओळखतो, तसंच हे."

इथे ऑलिव्हने तोंड उघडायला हवं होतं. टोप बत्तीस वर्षांचा आहे, वकील नव्हे. पण तोंडात बटाटा होता, आणि बटाटा गिळून होईपर्यंत योवन नावाची टायपिस्ट मुलगी म्हणाली, "त्या पांढऱ्या टोपवाल्याची मला कीवच येते." मग तो पांढरा टोप कोणी केला हे सांगण्याची ऑलिव्हला आणखीच लाज वाटली. तिने चहा मागवला.

मंगळवारी मुख्य साक्षीदार आली. मिसेस ब्लाय, समोरच्या घरात राहणारी, टोपीला जांभळं पीस लावलेली. अकराच्या सुमाराला खिडकीपाशी उभी असताना तिने यॅलपला शिडीवरून उतरताना पाहिलं होतं, काखेत काहीतरी गुंडाळलेलं घेऊन. मार्ल विचारत, ती ठणठणीत उत्तरं देई. "तो माणूस इथे आहे का?" असं विचारल्यावर तिने सरळ पिंजऱ्याकडे बोट केलं. यॅलपचं म्हणणं, ते घर मी साडेआठलाच उरकलं होतं, अकरा वाजता मी पलीकडच्या रस्त्यावर होतो. पण पलीकडच्या रस्त्यावरची बाई त्या दिवशी गावाला गेलेली, त्यामुळे त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही.

मग प्रॉसर उलटतपासणीला उठले. त्यांनी हळूहळू पाच-सहा प्रश्न विचारले. खिडकीचं अंतर, पडदा, उजेड. मग एक प्रश्न विचारताना ते जरा पुढे झुकले, आणि मिसेस ब्लाय उत्तर देत असतानाच त्यांचा टोप सटकला तो थेट भुवयांवर आला. प्रेक्षकांच्या सज्ज्यातून कोणीतरी फिस्स केलं. योवनने तोंडावर रुमाल धरला. प्रॉसरांनी एका हाताने टोप मागे लोटला, दुसऱ्या हातातले कागद खाली पडले, ते वेचताना टोप पुन्हा पुढे आला. सगळ्या कोर्टाला हसू फुटलं आणि मिसेस ब्लायचं उत्तर त्यात वाहून गेलं.

ऑलिव्ह हसली नाही. ती मान खाली घालून स्वतःला शिव्या घालत होती. चार टाके. फक्त चार टाके पुरले असते.

संध्याकाळी घरी नेलने बांगडे तळले होते. ऑलिव्हने खटल्याचं अवाक्षर काढायचं नाही असं ठरवलं होतं, पण टोपांचं सांगितलं. पिवळ्याचे कुरळे, त्यांच्या ओळी, उजवीकडच्या शेपटीचं वळण, पांढऱ्याची सैल पट्टी. न्यायाधीशांच्या आखूड टोपावर उजव्या कानापाशी एक केस सुटलाय तोसुद्धा. नेल काटे काढत ऐकत होती.

"आणि तो माणूस?" तिने विचारलं.

"कोण माणूस?"

"ज्याला तुम्ही तुरुंगात घालणार तो. दिसायला कसा आहे?"

ऑलिव्ह सांगायला गेली आणि थांबली. काळा कोट. नाही, तपकिरी. टक्कल? मिशी? सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं तो एक माणूस, डोक्यावर टोप नसलेला, आणि दोन दिवस तिने त्याच्याकडे धड पाहिलंच नव्हतं. बांगडा थंड होत होता.

"चष्मा आहे का गं त्याला?" नेलने विचारलं, टोमणा मारायला नव्हे, खरंच जाणून घ्यायला.

"मला माहीत नाही," ऑलिव्ह म्हणाली, आणि तिला भीती वाटली. तिला आठवलं की आज जेवणाच्या सुट्टीत मत विचारलं असतं तर तिने दोषी म्हटलं असतं. का, ते तिला आता सांगता येईना. त्या माणसाने काय केलं याचा विचार केल्याचं आठवत नव्हतं. एका सुबक टोपाला तिने मान डोलावली होती, एवढंच.

बुधवारी सकाळी बाकावर बसल्याबसल्या तिने पर्सी यॅलपकडे बघितलं. चष्मा नव्हता. मिशी नव्हती. वय पंचावन्नच्या आसपास, कान मोठे, दाढी करताना हनुवटीखाली कापलेलं. भुवया जवळजवळ नाहीतच. हात कठड्यावर, थंड पाण्याने भेगा पडलेले. तो कोणाकडेच बघत नव्हता, वकिलांकडेही नाही. मार्लांनी समारोप केला, प्रॉसरांनी केला, न्यायाधीशांनी कायदा समजावला, आणि त्या सगळ्या वेळात ऑलिव्ह शब्द ऐकायचा प्रयत्न करत राहिली. फार कठीण गेलं. नजर सारखी वर जायची.

ज्युरीच्या खोलीत लांब टेबल, बारा खुर्च्या, एक जग पाणी. लिजेटांनी हात वर करायला सांगितलं. दोषी म्हणणारे दहा. योवनने हात अर्धाच उचलला होता, तो तिने खाली घेतला. ऑलिव्हने उचललाच नाही.

"दहा झाले की न्यायाधीश बहुमत मानतात म्हणे, पण त्यासाठी बराच वेळ थांबावं लागतं," लिजेट म्हणाले. "उगीच कशाला? हॅजेटबाई, तुम्हाला कसली शंका आहे?"

"मला एक सांगायचंय. सोमवारी सांगायला हवं होतं."

"बोला की."

"तो पिवळा टोप मार्लसाहेबांचा नाही. म्हणजे आता आहे. पण तो केला होता दुसऱ्यासाठी, ते गेल्या वर्षी वारले. मार्लसाहेब एकोणतीस वर्षांचे आहेत. तो टोप डोक्यावर चढून त्यांना अजून वर्षही झालं नाही."

ब्रोडीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आणि दुसरा?"

"ते वीस-बावीस वर्षं वकिली करताहेत. त्यांचा जुना टोप कुत्र्याने खाल्ला. नवा आमच्याकडून गेला. मीच केला. पट्टी मी सैल ठेवली, म्हणून काल तो घसरला. ते माझ्या हाताचं पाप आहे. तुम्ही हसलात ना, ते त्यांना नाही, मला हसलात."

लिजेटांचे कान लाल झाले. "हे बघा बाई, आम्ही काही केसांवरून ठरवलेलं नाही. साक्षीवरून ठरवलंय."

"असेल. मी मात्र केसांवरूनच ठरवलं होतं," ऑलिव्ह म्हणाली. "मी विणते म्हणून माझी नजर तिथेच. मग मी आठवायला बसले. टोप घसरला तेव्हा प्रॉसरसाहेबांनी काय विचारलं होतं? तुम्हाला कोणाला आठवतं का?"

"पडद्याबद्दल काहीतरी," ब्रोडी म्हणाला.

"पडद्याचं त्याच्या आधी झालं," योवन म्हणाली. "मी हसत होते. मला नाही ऐकू आलं."

"अंतर?" दुसरं कोणीतरी म्हणालं. एकेकाने आठवून पाहिलं. टोप कसा घसरला, कागद कसे पडले, कोण हसलं, हे बाराही जणांना बारीकसारीक आठवत होतं. बाईचं उत्तर एकालाही आठवत नव्हतं.

"न्यायाधीश सगळं वहीत लिहितात," ऑलिव्ह म्हणाली. "त्यांना विचारू या का? मला नुसतं जाणून घ्यायचंय. ऐकून दोषी वाटला तर मी हात वर करीन."

लिजेटांनी पेन्सिल शोधली. ते मनाने वाईट नव्हते, फक्त घरी लवकर जायचं होतं.

सगळे पुन्हा कोर्टात गेले. यॅलपला पुन्हा उभं केलं. त्याला वाटलं निकालच लागला, आणि त्याने कठडा इतका आवळला की ऑलिव्हला त्याची नखं पांढरी होताना दिसली. न्यायाधीशांनी चिठ्ठी वाचली, वही उघडली, दोन पानं मागे गेले.

"मिस्टर प्रॉसरांचा प्रश्न," ते एकसुरी आवाजात म्हणाले. "'तुम्ही त्याचा चेहरा पाहिलात का?' साक्षीदाराचं उत्तर: 'मी खिडकीवाला पाहिला. कापडी टोपी, शिडी, बादली, पांढरा डगला. खिडकीवाल्याचा चेहरा कोण बघतं?'" त्यांनी वही मिटली. "त्यानंतर मी लिहिलं आहे, 'व्यत्यय'. मिस्टर प्रॉसरांनी तो प्रश्न पुन्हा विचारलेला दिसत नाही. बोलण्याच्या ओघात त्यांनी त्याचा उल्लेख समारोपात केला होता, तो तुम्हाला आठवत असेल."

बारा जणांपैकी कोणालाही तो आठवत नव्हता. प्रॉसर खाली बघत होते, टोप एका हाताने धरून.

परत खोलीत गेल्यावर सगळे आपापल्या खुर्चीत बसले. मग ब्रोडी म्हणाला, "आमच्या भागात तीन खिडकीवाले आहेत. तिघांचीही टोपी सारखी. नावं विचाराल तर मला एकाचंही येत नाही."

"आमच्याकडे येतो त्याला मी सहा वर्षं बघते," योवन म्हणाली. "रस्त्यात भेटला तर ओळखणार नाही बाई मी."

"पण उद्या याने खरंच चोरलं असेल तर?" लिजेट म्हणाले. प्रश्न खोडसाळ नव्हता, आणि ऑलिव्हला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

"असेलही," ती म्हणाली. "मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का? एवढंच ठरवायचंय आपल्याला."

अर्ध्या तासाने लिजेट उभे राहिले आणि कोर्टात म्हणाले, "निर्दोष." यॅलपला ते लगेच कळलं नाही. पहारेकऱ्याने कठड्याचं दार उघडून त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा त्याने विचारलं, "कुठे जायचं?" पहारेकरी म्हणाला, "घरी."

ऑलिव्ह कोट चढवून बाहेरच्या मोठ्या दाराकडे निघाली. दगडी फरशीवर गर्दी होती, खटले उठत होते, काळे डगले इकडून तिकडे जात होते. प्रॉसर टोप बगलेत मारून कोणाशी तरी बोलत होते. त्यांना गाठावं, पट्टीचं सांगावं, दुकानात या म्हणावं, असं तिच्या मनात होतं. पण समोर, बाहेरच्या जड दारापाशी, पर्सी यॅलप उभा होता. तपकिरी कोट, हातात टोपी नाही, शिडी नाही, काही नाही. दार ढकलून तो बाहेर पडणार, तेवढ्यात मागून कोणी बाई येताना दिसली म्हणून तो थबकला आणि दार धरून उभा राहिला. सव्वीस वर्षं लोकांच्या दारांत वावरलेल्या माणसाची सवय.

बाईच्या टोपीला जांभळं पीस होतं. मिसेस ब्लाय निकाल ऐकायला सज्ज्यात बसली होती, आणि आता तणतणत चालली होती, सोबतच्या मैत्रिणीला सांगत, "मी माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणते ना. तो माणूस मी कुठेही ओळखीन." दारापाशी ती यॅलपच्या इतकी जवळून गेली की तिच्या कोटाची बाही त्याच्या हाताला लागली. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, गोड हसली, आणि म्हणाली, "आभारी आहे हं, साहेब."

आणि निघून गेली.

यॅलप दार धरून तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा कसा झाला ते ऑलिव्हने पाहिलं, अगदी जवळून, पुरतं पाहिलं. तिला काहीतरी मोठं बोलावंसं वाटलं, क्षमा मागावीशी वाटली, पण ज्युरीतल्या माणसाने आरोपीशी काय बोलायचं असतं हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

"आभारी आहे, मिस्टर यॅलप," ती म्हणाली, आणि त्याने धरलेल्या दारातून बाहेर पडली.